रायमनमध्ये सदर्न रॉक ऐकायचंय: कुठे बसायचं, तिकीट कसं काढायचं, परत कधी निघायचं?

अटलांटाकर

मंडळी, नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये सदर्न रॉक (अमेरिकेच्या दक्षिणेतलं, ब्लूज आणि कंट्री मिसळलेलं रॉक) ऐकायचा बेत आहे. टेडेस्की ट्रक्स बँड किंवा ब्लॅकबेरी स्मोक, ज्यांची तारीख आधी जाहीर होईल ते. पाच तिकिटं लागतील: आम्ही दोघं, १२ वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून येणारे आई-बाबा. आईचे गुडघे कुरकुरतात. बाबांची सगळी हयात सवाईच्या मांडवात गेली, रॉकचा गंध नाही.

प्रश्न असे:
१. नेमकं कुठे बसावं? पुढच्या रांगा महाग आहेत, पण तेवढ्या चांगल्या आहेत का?
२. तिकिटं मूळ किमतीत कशी मिळवायची?
३. मुलाच्या आणि आई-बाबांच्या कानांना झेपेल का?
४. कार्यक्रम संपवून त्याच रात्री अटलांटाला परतता येईल का?
५. आणि एक बाळबोध शंका. नॅशव्हिल तर कंट्री संगीताचं गाव ना?

टेबलामागचा

आधी जागा ठरवा, पैशांचं नंतर बघू.

रायमन मुळात प्रार्थनामंदिर. १८९२ साली ‘युनियन गॉस्पेल टॅबरनॅकल’ या नावाने उघडलं. बोटींच्या धंद्यातले टॉम रायमन सॅम जोन्स या प्रवचनकाराच्या नादी लागले आणि त्यातून ही वास्तू उभी राहिली. तेव्हा माईक नव्हते. एका माणसाचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत पोचावं अशी ती खोली आहे: लाकूड, गोलाकार मांडलेली बाकं, वर नालाच्या आकाराची बाल्कनी. अशी खोली आवाज गिळत नाही, परत फेकते. एक गळा आणि एक गिटार असेल तर ऐकताना अंगावर काटा येतो. पण टेडेस्की ट्रक्स म्हणजे बारा माणसं: दोन ड्रमसेट, बेस, ऑर्गन, तीन फुंकवाद्यं, मागे गाणारे तिघं आणि दोन गिटार. एवढा ऐवज या खोलीत ओतला की खालचे सूर कोपऱ्यांत साचायला लागतात.

सगळ्यात जास्त साचतात ते तळमजल्याच्या मागच्या रांगांत, बाल्कनीच्या खाली. वर टांगलेल्या स्पीकरचा आवाज बाल्कनीच्या कडेवर अडतो. झांजा, शब्द, गिटारची धार असले वरचे सूर सरळ रेषेत जातात, त्यामुळे ते तिथेच अडकतात. खालचे सूर वळसा घालून आत शिरतात आणि मागच्या भिंतीवर आपटून फिरत राहतात. तिथे बसणाऱ्याला नुसती धमधम ऐकू येते आणि गायिका काय म्हणतेय ते कळत नाही. वर बाल्कनी पेलणारे खांबही तिथेच आहेत. तिकिटावर दृश्य अडतं असं लिहिलेलं असेल तर ते अक्षरशः खरं माना, मान वाकडी करून तीन तास निघत नाहीत.

आता पुढच्या तीन-चार रांगा. तिथे गिटारचे अँप्लिफायर थेट अंगावर येतात आणि गळ्याचा आवाज ज्या मोठ्या स्पीकरमधून येतो ते तुमच्या डोक्यावरून मागे फेकत असतात. स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात, पण ते नुसती डागडुजी. ज्या गिटारवाल्यासमोर बसाल तोच ऐकू येईल, दुसरा गेल्यातच जमा. सदर्न रॉकमध्ये ही सरळ फसवणूक आहे, कारण या संगीताची गंमतच दोन-तीन गिटार एकमेकींशी काय बोलतात त्यात आहे.

म्हणून चांगल्या जागा दोनच. तळमजल्यावर मधोमध, साधारण आठव्या रांगेपासून ते बाल्कनीची कड डोक्यावर येईपर्यंत. नाहीतर बाल्कनीत मधोमध, पहिल्या दोन-तीन रांगा. बाल्कनीच्या बाजूच्या पाख्यांत एकाच बाजूचे स्पीकर ऐकू येतात आणि स्टेज तिरकं दिसतं. तिकडे स्वस्त मिळालं तरच जा. एकूण जागा २,३६२, म्हणजे मागे बसलो म्हणून कलाकार मुंगीएवढा दिसत नाही.

तुमच्या आई-बाबांसाठी बाल्कनीची मधली पहिली रांग. कारण आवाजाचं नाही, माणसांचं आहे. शेवटच्या अर्ध्या तासात तळमजला उभा राहतो आणि बसलेल्याला फक्त पाठी दिसतात. बाल्कनीच्या पहिल्या रांगेपुढे उभं राहायला कुणी नसतं. वर जायला लिफ्ट आहे. जिना अजिबात नको असेल, तर चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच्या जागा तिकीट काढतानाच निवडा. कायद्याने त्या बाकीच्या तिकिटांबरोबरच विक्रीला येतात.

आणि ती बाकं. चर्चची लाकडी बाकं आहेत, मध्ये हात नाहीत, फक्त क्रमांक चिकटवलेले. शेजारी अघळपघळ बसला की तुमचा क्रमांक त्याच्या मांडीखाली जातो. पाचजण सलग असाल तर मुलाला मध्ये आणि मोठ्यांना कडेला बसवा. जाडसर जॅकेटची घडी बुडाखाली घेतली की दुसऱ्या तासानंतर माझी आठवण काढाल.

काचेची_बाटली

टेबलामागच्यांशी ९० टक्के सहमत, पण एका बाबतीत नाही. ज्याला स्लाइड (तारांवर नळी सरकवून वाजवणं) *पाहायची* आहे त्याने एकदा तरी पुढे बसावं. टेडेस्की ट्रक्सचा गिटारवाला डेरेक ट्रक्स, त्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेत काचेची नळी असते आणि तो पिक (तारा छेडायची चकती) वापरत नाही, उजव्या हाताची बोटं थेट तारांवर. लोकांचं लक्ष नळीकडे असतं. खरं काम चालू असतं उजव्या हातात: जी तार वाजवायची नाही ती बोटाने दाबून गप्प ठेवायची. ते जमलं नाही तर काच तारांवर घासून खरखर होते. हे बाल्कनीतून दिसत नाही.

बाबांसाठी एक सांगून ठेवतो, म्हणजे ते तीन तास घड्याळ बघणार नाहीत. त्याची गिटार ‘ओपन ई’मध्ये लावलेली असते. जाड तारेपासून बारीक तारेकडे सहा तारा आपल्या भाषेत: सा, प, सा, ग, प, सा. मोकळ्या तारा छेडल्या तरी सूर जुळलेले. त्यावर काच सरकते, बोट पडद्यावर दाबलं जात नाही, म्हणजे दोन स्वरांच्या मधली सगळी जागा मोकळी. मींड, हो, तीच मींड. सूर बरोबर लागण्याची जागा धातूच्या पट्टीच्या नेमकी वर असते, मागे नाही. केसभर चुकलं तर बेसूर. आणि तो चुकत नाही.

ही तुलना आपण ओढूनताणून करतोय असं नाही. उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदचा प्रभाव त्याने स्वतः मान्य केलेला आहे आणि कॅलिफोर्नियात खाँसाहेबांच्या महाविद्यालयात जाऊन तो शिकलाही आहे. सरोदला तर पडदेच नसतात, पोलादी पट्टीवर तार दाबून बोट सरकतं. बाबांना म्हणावं, पहिली वीस मिनिटं ड्रम विसरा, फक्त तो सूर कुठून उचलतो आणि कुठे सोडतो ते ऐका. पुढचं आपोआप होईल.

रांगेतला_पहिला

तिकिटांचं. चुका बहुतेक ठरलेल्याच असतात, त्याच सांगतो.

पहिली चूक घड्याळाची. विक्री बहुतेकदा शुक्रवारी सकाळी १० वाजता उघडते आणि ते १० *सभागृहाच्या* गावचे असतात. नॅशव्हिल सेंट्रल टाइममध्ये, तुम्ही ईस्टर्नमध्ये. म्हणजे तुमच्याकडचे ११. उलटा घोळ करून ९ वाजल्यापासून पडद्यासमोर बसणारेही असतात, त्यांचं निदान नुकसान होत नाही.

दुसरी चूक शोधयंत्राची. सभागृहाचं नाव टाकलं की वर जाहिराती येतात त्या फेरविक्रीवाल्यांच्या, दिसायला हुबेहूब अधिकृत. तिकिटं हातात नसतानाही तिथे ‘जागा’ विकायला ठेवलेल्या असतात. बँडच्या स्वतःच्या पानावरच्या दौऱ्याच्या यादीतून दुवा दाबून आत जा, चुकायची शक्यताच राहत नाही.

तिसरी: सार्वजनिक विक्रीची वाट बघत बसणं. त्याच आठवड्यात मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान बँडच्या आणि सभागृहाच्या पत्रयादीतल्या लोकांना आधी विक्री असते, संकेतशब्द मेलने येतो. दोन्ही याद्यांत नाव आजच घाला. तारीख जाहीर झाल्यावर घातलं तर मेल कधीकधी उशिरा पोचतो. खातं उघडून, कार्ड भरून, लॉगिन करून ठेवा. पाच सलग जागा मिळणं तीन किंवा दोनपेक्षा बरंच अवघड असतं. नाही मिळाल्या तर २ + ३ असं पाठोपाठच्या रांगांत घ्या, सलगच्या हट्टापायी पाख्यात जाऊ नका.

मे २०२५ पासून नियम आहे की सक्तीची सगळी शुल्कं धरूनच किंमत पहिल्यापासून दाखवायची. तेव्हा शेवटच्या पानावर आकडा फुगला तर काहीतरी गडबड आहे, बाहेर पडा.

आणि हुकलंच तर घाबरून तिप्पट पैसे देऊ नका. ध्वनी आणि दिव्यांच्या टेबलांसाठी, कॅमेऱ्यांसाठी, बँडच्या पाहुण्यांसाठी काही जागा राखून ठेवतात. सामान प्रत्यक्ष मांडलं की कोणत्या लागत नाहीत ते कळतं आणि त्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, कधी त्याच दुपारी, मूळ किमतीत सुटतात. बऱ्याचदा मधोमधच्या असतात! पाचजणांच्या कुटुंबाने यावर विसंबू नये. एकट्याने जरूर विसंबावं.

टेडेस्की ट्रक्स एकाच सभागृहात लागोपाठ दोन-तीन रात्री करतात तेव्हा गाण्यांची यादी रोज बदलते. शनिवारचा हट्ट सोडला तर चांगली जागा सोपी जाते. जाहिरातीत ‘अॅन ईव्हनिंग विथ’ असं असेल तर आधी दुसरा कुणी वाजवत नाही, थेट मुख्य बँड, मध्ये विश्रांती, दोन भाग. तिथे उशिरा पोचलात तर पाहुणा बँड नाही, खरा बँड हुकतो.

टेबलामागचा

कानांचं राहिलं होतं.

हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल ८ तास चालतं. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला १५ मिनिटं. रॉक कार्यक्रमात १०० सहज होतात आणि कार्यक्रम अडीच-तीन तास. १५ डेसिबल कमी करणारा इअरप्लग *नीट* बसला तर १०० चे ८५ झाले.

सगळा खेळ ‘नीट’ या शब्दात आहे. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे लोक कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि काही उपयोग नाही म्हणतात. पद्धत अशी: बोळा बोटांत वळून काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०–३० सेकंद बोटाने धरून ठेवा. समोरून बघणाऱ्याला बोळा बाहेर आलेला दिसत असेल तर तो बसलेला नाही.

फोमची खोड अशी की तो वरचे सूर जास्त खातो, गाणं गोधडीखालून आल्यासारखं लागतं. संगीतासाठी गाळणी असलेले सिलिकॉनचे मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात. चारजणांसाठी ते घ्या. मुलाच्या कानात ते बसत नसतील तर वरून घालायचे इअरमफ. घरी एकदा घालून बघा, तिथे जाऊन पहिल्यांदा नको. बाबा श्रवणयंत्र लावत असतील तर बंद केलेलं यंत्र म्हणजे इअरप्लग नव्हे, हेही सांगून ठेवा.

मंटीगल_घाट

प्रश्न ४ चं उत्तर: जाऊ नका. म्हणजे परत येऊ नका.

अंतर २५० मैल, चार तास: आय-७५ ने चॅटनूगा, तिथून आय-२४. जाताना चॅटनूगाच्या पश्चिमेला घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे एक तास फुकट मिळाल्यासारखा वाटतो. तो परतताना वसूल होतो. हिशेब करा. कार्यक्रम पावणेअकराला संपला, गाडीपर्यंत पोचून शहराबाहेर पडायला साडेअकरा. चार तास गाडी, नॅशव्हिलचे साडेतीन, अटलांटाचे साडेचार. आणि मध्ये मंटीगलचा डोंगर. परतीच्या बाजूला लांबलचक उतार आहे, ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी खडीचे चढ बांधून ठेवलेत, धुकंही उतरतं. मागे झोपलेले आई-बाबा आणि पुढे पेंगणारा ड्रायव्हर, नको.

जातानाही चॅटनूगाच्या फाट्याजवळ शुक्रवारी संध्याकाळी तुंबतं. दुपारी १ ला (तुमच्या वेळेने) निघालात तर खाणंपिणं धरून निवांत पोचाल.

पार्किंग: सभागृहाच्या दाराशी शोधत फिरू नका. चर्च स्ट्रीटवरच्या सार्वजनिक वाचनालयाचं गॅरेज दोन-तीन चौकांवर आहे. निघण्याआधी ब्रिजस्टोन अरीनात त्या रात्री हॉकी आहे का ते बघा. ते जवळजवळ समोरच आहे आणि हॉकीच्या रात्री आजूबाजूचे दर चढतात. आई-बाबांना आधी दाराशी उतरवून मग गाडी लावा.

टॅक्सी बोलावणार असाल तर ब्रॉडवेवर उभं राहून बोलावू नका. रात्री ११ ला तिथे माणसांचा पूर असतो, गाडी नकाशावर दोन मिनिटांवर दिसते आणि वीस मिनिटं तशीच दिसत राहते. उत्तरेला चर्च स्ट्रीट किंवा त्यापलीकडे चालत या आणि मग बोलवा.

अवांतर: मुक्काम करताच आहात तर सकाळी बेलव्ह्यू भागातलं श्री गणेश मंदिर करून निघा. आई खूश.

अटलांटाकर

वा, मुक्काम ठरला! बाकांचं वाचून जॅकेटही ठरलं. दोन बारीकसारीक गोष्टी: शाकाहारी खायचं काय, आणि कार्यक्रमाआधी ब्रॉडवेवरच्या बारमध्ये मुलाला नेता येतं का? ५ व्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही.

काचेची_बाटली

खाणं: रायमनच्या समोरच ‘फिफ्थ अँड ब्रॉडवे’ संकुल आहे, त्यात असेंब्ली फूड हॉल. पाचजणांनी पाच दुकानांतून घ्या आणि एकत्र बसा. हॉट चिकन (तिखटजाळ तळलेली कोंबडी) हे गावचं दैवत आहे, शाकाहाऱ्यांनी लांबूनच नमस्कार करावा. तळणीचं तेल वेगळं आहे का ते विचारा, बटाटा कधीकधी कोंबडीच्याच कढईत असतो.

बार: दिवसा बऱ्याच ठिकाणी मुलं चालतात, संध्याकाळ झाली की २१ च्या आतल्यांना बाहेर. वेळ दारावर लिहिलेली असते. आत जायला पैसे नसतात, कारण वाजवणारे बक्षिशीवर असतात. बादली फिरते, सुटे डॉलर खिशात ठेवा. फर्माईश केली तर एक-दोन डॉलर टाकून मोकळं होऊ नका, लाज काढतात. मोठ्यांना बिअर घ्यायची असेल तर बाबांचा मूळ पासपोर्ट जवळ हवा. पांढरे केस पुरावा धरत नाहीत.

आणि कृपा करून ‘फ्री बर्ड!’ (लिनर्ड स्किनर्ड बँडचं गाजलेलं गाणं) ओरडू नका. कुठल्याही बँडपुढे ते ओरडायचा विनोद केव्हाच शिळा झालाय.

मेकन_जंक्शन

पाचवा प्रश्न बाळबोध नाही, तोच खरा आहे. नॅशव्हिल सदर्न रॉकचं माहेर नाहीच. या संगीताची सुरुवात करणाऱ्यांतला बँड ऑलमन ब्रदर्स १९६९ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला जमले आणि लगेच जॉर्जियात मेकनला गेले, कारण कॅप्रिकॉर्न ही त्यांची रेकॉर्ड कंपनी तिथे होती. लिनर्ड स्किनर्डही जॅक्सनव्हिलचेच. ब्लॅकबेरी स्मोक तर तुमच्या अटलांटाचे. त्या काळचं नॅशव्हिल गुळगुळीत कंट्रीचं, लांब केसांच्या आणि वीस मिनिटं एकच गाणं वाजवणाऱ्या पोरांना तिथे फारसं काम नव्हतं. वाट पाडली ती चार्ली डॅनियल्स या गायक-फिडलवाल्याने. १९७४ मध्ये त्याने नॅशव्हिलच्या वॉर मेमोरियल ऑडिटोरियममध्ये पहिला व्हॉलंटिअर जॅम भरवला, मित्र-बँडना बोलावून एकत्र वाजवायचा, आणि पुढे ती प्रथाच पडली.

तेव्हा रायमनला जा, पण मूळ बघायला मेकनला जा. तुमच्या घरापासून दीड तास. ऑलमन मंडळी राहायची ते ‘बिग हाउस’ आता संग्रहालय आहे आणि रोझ हिल दफनभूमीत ड्युएन आणि ग्रेग हे ऑलमन बंधू आणि बँडचा बेसवाला बेरी ओकली शेजारीशेजारी आहेत. ड्युएनच्या बोटात औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटली असायची, आजच्या काही काचेच्या नळ्या तिच्याच नकला आहेत.

आणि नॅशव्हिलचं तिकीट हुकलं तर तुमच्या अटलांटातलं फॉक्स थिएटर आहेच: १९२९ चं, ४,६६५ जागांचं, रायमनच्या जवळजवळ दुप्पट. सत्तरच्या दशकात ते पाडायला निघाले होते. १९७६ च्या जुलैत स्किनर्डने तिथे तीन रात्री वाजवून ते वाचवायला हातभार लावला. तिथे खुर्च्यांना हात आहेत.

टेबलामागचा

खुर्च्यांना हात आहेत खरं, पण फॉक्सच्या बाल्कनीतला चढ भलताच उभा आहे. आईंच्या गुडघ्यांसाठी तिथे खालचा मजलाच घ्या, आणि तिथेही मागची रांग पुन्हा बाल्कनीखाली येते, तेव्हा वरचा नियम लागू.